नवी पट्टी बसवलेला माइक

मी एक जुना माइक आहे. मित्रांनो, वजनाला मी धोंडा आहे, पण माझा जीव एवढासा. दोन चुंबकांमध्ये टांगलेली, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशी धातूची पट्टी. समोर कोणी बोलले की ती थरथरते, आणि तोच माझा आवाज.

रेडिओ केंद्रात एक बाई माझ्यासमोर बातम्या वाचत. घराघरांत त्यांच्या आवाजाचे कौतुक होई. पुढे माझी पट्टी सैल पडली, तसा त्यांचा आवाज आणखीच मऊ येऊ लागला. मग नवी यंत्रे आली. बाई निवृत्त झाल्या आणि मी अडगळीत गेलो. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

तिथून मला दातांच्या एका डॉक्टरांनी उचलले. जुने माइक जमवून दुरुस्त करण्याचा त्यांना भारी नाद. दात कोरायच्या सळईने त्यांनी माझ्या जाळीतली घाण काढली, चिमट्याने जुनी पट्टी उपटली आणि नवी, ताठ पट्टी बसवली. खरे सांगतो, मी फार माजलो होतो.

मला मिरवायला त्यांनी पाहुणे बोलावले आणि बाईंनाही आणले. आजारपणानंतर बाई चारचौघांत बोलत नसत. पण मला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"याच्यासमोर जमेल मला," त्या म्हणाल्या. "हा सांभाळून घेतो."

नव्या पट्टीचे त्यांना काय ठाऊक? त्या बोलल्या. भोंग्यातून निघाली ती धाप, घशातली खरखर आणि प्रत्येक शब्दामागे टक्, टक्.

"ऐकलंत?" डॉक्टर ओरडले. "कवळी सैल आहे, तीसुद्धा पकडली पठ्ठ्यानं!"

सगळे पोट धरधरून हसले. बाईंनी तोंडावर हात ठेवला.

"बंद करा हो."

"थांबा बाई, आणखी एकच वाक्य!"

त्यांचे ते "बंद करा" मी खोलीभर मोठ्याने ऐकवले, कवळीसकट. पुन्हा हशा पिकला. बाई उठल्या आणि भिंतीला धरून धरून निघून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात हे तुम्हाला शाळेत शिकवतातच. मला तर रोज मऊ फडक्याने पुसतात. माझी तक्रार नाही. एवढेच मागणे आहे, समोरचा माणूस "बंद करा" म्हणाला, तर आधी बटण दाबा. ते आमच्या हातात नसते.