पाटावरची वाळू

"मम्मी, मानसीबेनसाठी दोन पोळ्या बांधून दे ना. उद्या तापीच्या ओवाऱ्यावर येणार आहेत त्या."

शोभाबाईचं लाटणं थांबलं. खोलीच्या कोपऱ्यात पाटावर खानदेशची श्रावणातली देवी, कानबाई, बसली होती. डोळे रंगवलेला नारळ, त्यावर लाल खण, आणि दोऱ्याने बांधलेली मोत्यांची नथ. तिच्यापुढे पुरणाच्या रोटांची चळत वाढत होती.

"रोट भाऊबंदस्ना बाहेर जात नही," शोभाबाई म्हणाली. "ठाऊक शे ना तुले?"

"मानसीबेन काय परक्या आहेत?"

शोभाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पुरणाची वाफ लागली, असं तिने स्वतःलाच सांगितलं. वाफ कसली? पोटात दुखत होतं बाईच्या, आणि जूनपासून दुखत होतं.

जूनमध्ये सुरतेतल्या गोडादऱ्याच्या मराठी शाळेत या मानसीबेन शिकवायला आल्या आणि सातवीतली वर्षा हातची गेली. आधी मधला भांग गेला आणि बाजूचा आला. मग चहा सुटला, कारण मानसीबेन दूध पितात. शाळेतून आल्यावर आईच्या शेजारी बसून, साड्यांना लेस लावता लावता दिवसभराचं सगळं सांगायची पोरगी, ती आता आरशापुढे उभी राहून घोषणा पाठ करायची. प्लेगला तीन वर्षं झाली होती. शहर घासूनपुसून लख्ख झालं होतं. आता शाळेतल्या पोरांनी तापी साफ करायची, असं या बेननी ठरवलं होतं.

तेच शोभाबाईला सगळ्यात लागलं. तापी तिची होती. शिरपूरकडच्या तिच्या माहेराच्या उंबऱ्याशी तापी वाहायची. लग्न होऊन ती सुरतेला आली तेव्हा इथे तिच्या ओळखीचं एकच माणूस होतं, ते म्हणजे नदी. माहेरची आठवण आली की ती ओवाऱ्यावर, घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन पाण्यात हात घालून बसे. हे पाणी आपल्या आईच्या दारावरून आलंय, एवढं समाधान तिला पुरत असे. तापी सूर्याची लेक आहे, हे तिनेच वर्षाला मांडीवर घेऊन सांगितलं होतं. आणि आता काल आलेली, ओढणीला पिन लावणारी पोर तिच्या लेकीला तापी शिकवणार! पोरगी नेली ती नेली, नदीपण नेली.

पोळ्या काही तिने बांधल्या नाहीत.

सोमवारी विसर्जन. वर्षा पहाटेच बेनसोबत गेली. "मी तिथेच आहे ना मम्मी, नथ मीच काढीन," असं दारातून ओरडून गेली. शोभाबाईच्या घरची ती रीत होती. पाण्यात सोडण्याआधी कानबाईचे दागिने घरच्या मुलीने उतरवायचे. मग रिकाम्या पाटावर नदीची वाळू घ्यायची, मुलीने तो पाट डोक्यावरून घरी आणायचा आणि वाळू घरभर शिंपडायची. नथ शोभाबाईच्या आईची होती. लहानपणी दर श्रावणात तापीच्या काठावर ती शोभाबाईच उतरवायची.

टेम्पोतून उतरल्या उतरल्या तिला दिसली ती पोरांची रांग. तीसेक मुलं हातात फलक घेऊन उभी होती आणि शेजारी निळं पिंप होतं. वर्षा धावत आली.

"मम्मी, फुलं आणि पिशव्या पाण्यात टाकू नका. निर्माल्य त्या पिंपात टाका." कुणा अनोळखी बाईला सांगावं तसं, पाठ केलेल्या आवाजात.

"पहिले नथ काढ. मंग तुनं पिंप."

"एक मिनिट. मानसीबेन बोलावतात."

आणि ती गेली. पावसाची भुरभुर होती. मानसीबेननी आपल्या ओढणीच्या टोकाने वर्षाचं कपाळ पुसलं. तेवढंच. वर्षाने डोळे मिटून ते पुसू दिलं. घरी शोभाबाई पदर घेऊन गेली की हीच पोरगी मान झटकून पळायची.

शोभाबाई पाट घेऊन तशीच बेनसमोर जाऊन उभी राहिली. मागे तिचा नवरा चिंधा आणि जाऊ सुंदरा.

"बेन, आमना पाच फुलं तुमले दिसतस. मिलनं लाल पानी दिसत नही का?"

चिंधाने हात पाठीमागे घेतले. डाईंग मिलच्या रंगाने ते कोपरापर्यंत तांबडे होते.

"दिसतं ताई," मानसीबेन म्हणाल्या. "पण मिलच्या दारात आम्हाला उभं करत नाहीत. इथे तुम्ही निदान ऐकून तरी घेता."

बोलणं गोड आणि वर खरं. शोभाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. बेन भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तापी मनी माय शे," ती म्हणाली. "माले शिकाडू नका."

आणि ती तरातरा पायऱ्या उतरली. गुडघाभर पाण्यात गेली आणि पाट तिरका केला. नारळ, खण, हार, फुलांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी, सगळं एकदम पाण्यात गेलं. मग तिने मागे वळून बेनकडे पाहिलं. जिंकल्यासारखं वाटलं तिला. एक क्षणभर.

"शोभा!" सुंदरा किंचाळली. "नथ राही गयी व!"

नारळ हलतडुलत निघाला होता. ओहोटी लागली होती आणि पाणी समुद्राकडे ओढत होतं. चिंधा छातीपर्यंत पाण्यात गेला, पण श्रावणातल्या तापीत त्यापुढे जाणं शहाणपणाचं नव्हतं. लाल खण थोडा वेळ दिसला, मग तोही दिसेना.

वर्षा पायरीवर उभी राहून रडत होती.

"मी येणारच होते ना काढायला. एक मिनिट म्हटलं होतं मी, मम्मी."

शोभाबाईला रडू आलं नाही. तिला लाज वाटली, आणि लाजेत माणूस काहीतरी काम शोधतं. वाळू घ्यायची राहिली होती. तिने पाण्यात हात घालून तळाची ओंजळ भरली. हातात आली काळी घाण, कुजका हार आणि दुधाची फाटकी पिशवी. दोन पावलं सरकून पुन्हा हात घातला. पुन्हा तेच. दर वर्षी मिळत होती ना वाळू? की जे मिळत होतं त्यातच ती भागवत होती?

"मम्मी, तिकडे आहे."

वर्षाने तिचा ओला हात धरला आणि पायऱ्यांच्या पलीकडे नेलं. खाटेएवढी जागा होती. पोरांनी पहाटेपासून खरवडून काढलेली. तिथे वाळू होती. करडी, बारीक, माहेरी होती तशीच. वर्षाने ओंजळीने ती पाटावर पसरली. मानसीबेनही खाली बसल्या, वाळूतून एक काच वेचून बाजूला ठेवली आणि उठून दूर झाल्या.

वर्षाचा फलक तिथेच टेकवलेला होता. चौथीपर्यंत शिकलेल्या शोभाबाईने तो अक्षर अक्षर लावून वाचला. 'तापी सूर्याची लेक. लेकीला जपा.'

"हे बेननी शिकाडं?" तिने विचारलं.

"नाही गं. त्यांना कुठे माहीत होतं? मीच सांगितलं, माझी मम्मी सांगते असं. मग त्यांनी सगळ्यांच्या फलकांवर लिहायला लावलं."

शोभाबाईने रांगेकडे पाहिलं. तीस फलक होते.

वर्षाने पाट डोक्यावर घेतला. तिने जायला विचारलं ते बेनना, आणि त्यांनी मान हलवल्यावर निघाली. शोभाबाईला तेवढ्यातही ते खुपलंच.

घरी वर्षाने वाळू कोपऱ्याकोपऱ्यात शिंपडली. पाटावर उरलेली वाळू शोभाबाई बराच वेळ बोटांतून गाळत बसली. नथ आता समुद्रात असेल, हे तिला कळत होतं.

मंगळवारी वर्षा शाळेला निघाली तेव्हा शोभाबाईने तिच्यापुढे डबा धरला. वर्षाने झाकण उचलून पाहिलं. दोन रोट होते. त्यातला एक जरा करपलेला.

"पण भाऊबंदांच्या बाहेर..."

"जाय. उशीर व्हस."

शोभाबाई दारात उभी राहिली. गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत पोरगी एकदा तरी वळून बघेल असं तिला वाटलं. वर्षा वळली नाही. ती भराभर चालली होती, आणि डबा मात्र तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.