हाड धरावं, खांदा नाही

“जोड ओला असताना हात लावायचा नाही. सरस धरू दे.” सासऱ्यांनी ह्यांना सुतारकाम शिकवताना घालून दिलेला हा दंडक लग्न होऊन आल्यापासून माझ्या कानात आहे. ते जाऊन वर्षं झाली, पण ताज्या जोडाजवळून आमच्याकडे अजून कुणी पाय आपटत जात नाही.

शिडीवरून पडून ह्यांचा उजवा दंड अगदी खांद्यापाशी मोडला. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून धातूची पट्टी बसवली. घरी सोडताना म्हणाल्या, “हाड धरेपर्यंत जपा. आणि उद्यापासून रोज वाकून हात झोपाळ्यासारखा सैल सोडायचा.” ह्यांनी मान डोलावली. मनात राहिलं मात्र पहिलंच वाक्य. मी पहाटे जपाला बसते, तेव्हा हे आत व्यायाम करत असतील असं मी धरून चालले होते.

टाके काढायला गेलो. बाईंनी हात हळूच उचलून पाहिला. खांदा जागचा हलेना.

“केलाच नाही ना व्यायाम?”

“अहो, ओला जोड हलवायचा कसा?” हे पुटपुटले. “सुटला तर? हात वर गेला नाही, तर दारांच्या चौकटी कोण बसवणार? जन्मभर स्टुलंच ठोकत बसू?”

“सुतारबुवा, हाड धरायला हवं, खांदा नाही! असेच राहिलात तर खांदा कायमचा धरेल. मग खरंच स्टुलं.”



बाईंनी एक्स-रे दिव्यावर लावला. पट्टी हाडाला बिलगलेली, आणि वरच्या गोळ्यात स्क्रू चहूकडे फाकलेले, पसरलेल्या बोटांनी फळ तोलून धरावं तसे.

“भुसभुशीत लाकडात स्क्रू नुसता फिरत राहतो,” हे म्हणाले. “माझं हाडही आता तसलंच असणार.”

“म्हणून ह्या स्क्रूंच्या डोक्यालाही आटे आहेत. पट्टीतच घट्ट बसतात. सगळं मिळून एकच वस्तू.”

“डोक्यालाही आटे!” आयुष्यभर स्क्रू पिळलेला हा माणूस काचेला नाक लावून बघतच राहिला. “बाई, हे सुचलं कुणाला?”

“ते सोपं हो. मी नुसतं धरून ठेवलंय. जोडणारं आत आहे, तुम्ही झोपलात तरी जोडतंय.”

माझे हात आपोआप जुळले. बाईंसाठी की त्या आतल्यासाठी, मलाच कळलं नाही.

“उद्यापासून नक्की,” हे म्हणाले.

“मागेही शब्द दिला होतात,” मी एवढंच बोलले.

“तो बाईंना. हा तुला.”

“मेलात!” बाई हसल्या. “आता सुटका नाही.”

पहाटे माझा जप चालू होता. हे उठले. हात अडकवलेली गळ्यातली झोळी काढून ठेवली, कामाच्या मेजावर डावा हात टेकला. उजव्या हाताकडे क्षणभर बघितलं आणि हळूहळू वाकून तो सैल सोडला.