खाजाचाचांनी सोडलेली हवा

थांबा, हे आत्ताच सांगायचं हाय. आईला खाटेवर टेकवून पाच मिनिटं झाली न्हाईत आन् मी टाइप करून राहिले, कारण तो आवाज अजून कानात हाय: टायरमधून निघणारा, बारीक, लांबच लांब सुस्स्स, जणू लई दिवस धरून ठेवलेला श्वास कुणीतरी एकदाचा सोडून देतंय. आन् त्या आवाजावर वाकलेले खाजाचाचा, नांदेडात दवाखान्याच्या गल्लीत टायरचं दुकान चालवणारे, डोळे मिटून ऐकणारे. पांढऱ्या दाढीवर सकाळचं कोवळं ऊन आणि बोटं पार काळी. रात्र आणि पहाट एकाच माणसाच्या अंगावर शेजारी शेजारी बसलेली.

झालं असं, आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, आज सुट्टी मिळाली. डॉक्टरांनी तीनदा बजावलं, अहमदपूरपर्यंत धक्का बसता कामा नये. आन् घरची गाडी म्हणजे मामाची पिकअप, हदगावहून सोयाबीन भरून आणलेली आणि काल मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, रिकामी केलेली. मोंढ्यातून दवाखान्यात येताना ती रिकामी गाडी अशी उधळली, की माझ्या मांडीवरचा डबा खाली गेला. मला डबा दिसलाच न्हाई, आईचे टाके दिसले.

आमच्याकडं यावर सगळ्यांचा एकच उपाय: गाडी उड्या मारायली की मागं वाळूची पोती टाका. म्हणून पोती कुठं मिळतील हे विचारायला मामा आणि मी सकाळी चाचांपुढं उभे राहिलो. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी मागच्या टायरवर बोटाची गाठ आपटली. ठण्ण! एखाद्या भांड्यासारखं टणक.

"पोती काहून? गाडी रिकामी हाय मामा, हवा भरलेल्या गाडीची हाय."

"म्हंजी भरलेली हवा सोडून द्यायची?" मामाचा चेहरा असा, जसं कुणी दूध ओतून द्यायला सांगितलं. "उद्या पुन्हा माल भरायचाय चाचा."

"उद्याची हवा उद्या भरू. आज बहीण बसणार हाय ना? का सोयाबीनच समजून राहिला तिला?"

मी हसले, लई दिवसांनी.

मग चाचांचे हात सुरू झाले. आधी टायरवर सबंध तळवा ठेवला, ताप बघावा तसा. गाडी रातभर उभीच होती ना, धावून तर आली न्हाई ना, विचारून घेतलं. गरम टायरचा आकडा खोटा बोलतो म्हणे. ज्या माणसाच्या कानात आयुष्यभराचे रस्ते साठले असतील, त्यानं नुसत्या कानावर भरोसा ठेवला असता तरी चाललं असतं, पण न्हाई. ते उठले, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि तिथं मामानं हौसेनं चिकटवलेलं 'मामाची लाडकी'चं सोनेरी स्टिकर नखानं हळूहळू सोलून काढलं. खाली कंपनीचा कागद. दोन ओळी: भरलेल्या गाडीची हवा, रिकाम्या गाडीची हवा. गाडी घेतल्यापासून दुसरी ओळ कुणी वाचलीच नव्हती! मागच्या टायरांत पासष्ट पौंड हवा होती, कागद म्हणत होता चाळीस. पुढच्या टायरांना जरासाच फरक.

"अजून सोडा ना चाचा," मी म्हणाले, "गादीसारखी मऊ होऊ द्या."

"न्हाई बेटा. लई सोडली तर टायर तापतो, गाडी डुलती. अम्मीला पाळणा नको, रस्ता पाहिजे."

आणि बरोब्बर चाळीसवर अंगठा उचलला, हवेचं मीटर तीनदा लावून बघितलं, चारी टोपणं घट्ट बसवली. आईला दवाखान्यातून आणून गाडीत बसवताना नुसती मान लववली त्यांनी, आणि परत वळून दुकानाच्या सावलीत मिसळून गेले.

निघालो तेव्हा आईच्या मुठी सीटवर आवळलेल्या. पहिला गतिरोधक आला, मी श्वास धरला, गाडी नुसती वाकली आणि उठली, शहाण्या बैलासारखी. दुसरा. तिसरा. दोन्ही बाजूंचं पिवळं ऊन संथ मागं सरकत राहिलं, आणि आईची बोटं एकेक करत सुटत गेली. बऱ्याच वेळानं डोळे न उघडता तिनं विचारलं, "आगं, लोहा आलं का?"

लोहा कधीच मागं गेलं होतं.

मामानं स्टेअरिंगवर हात आपटला. "च्यायला, इतकी वर्सं मी उगंच वाळू वाहून राहिलो!"

आई झोपली हाय आता. चाचा सत्तर किलोमीटर मागं, आणि माझ्याकडं ना त्यांचा नंबर, ना फोटो. काळाची रीतच अशी असावी: ज्याच्यामुळं दिवस नीट पार पडतो, तो माणूस पहिल्याच वळणाला मागं राहतो, आणि त्याची आठवण म्हणजे आपल्याला न बसलेले सगळे धक्के. तुमच्याबी वाट्याला असे न बसलेले धक्के असतील ना? सांगा की, कुणामुळं?