पिंपावरची घंटा

श्रुतिकाचं लग्न झालं ते वर्ष २०२२. हळदीच्या दिवशी मुलुंडच्या घरात मोरीतलं पिंप भरून वाहिलं आणि खाली ठेवलेल्या रुखवताच्या पिशव्या भिजल्या. नळ सुरू ठेवून तिचा बाप सहदेव हार आणायला गेला होता. बहीण रडायला लागली तेव्हा सुशांतने पिंपात एक तरंगता फ्लोट सोडला आणि त्याची वायर आपल्या कॉम्प्युटरला जोडली. पाणी काठाला आलं की घंटा वाजायची.

"सुशांत, नळ बंद कर रे!" सहदेव खाटेवरून ओरडायचा.

"घंटा पण मीच लावायची, नळ पण मीच बंद करायचा. तुम्ही नुसतं ओरडायचं काय, बाबा?" कुरकुरत का होईना, सुशांत उठायचा.

त्याच खटपटीतून त्याने एक लायब्ररी लिहिली. पुस्तकांची नव्हे, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कुणालाही फुकट घेता येईल अशी. एक गोष्ट बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली दुसरी आपोआप बदलावी, कुणाला सांगावं लागू नये, एवढंच तिचं काम. कुठले कुठले लोक ती वापरत.

सुशांत गेला आणि दीड वर्षाने ती नव्या कॉम्प्युटरांवर चालेनाशी झाली. नवी आवृत्ती निघाली नाही तर लोक तिला सोडून देणार होते. म्हणून त्याच्यासोबत काम करणारी दिशा घाटकोपरहून आली. त्याच्याच कॉम्प्युटरवर तिने लायब्ररी पुन्हा बसवली, ती नीट चालते का ते पाहणाऱ्या चाचण्या लावल्या. दोनशे अकरा हिरव्या, म्हणजे पास. शेवटची लाल.

"काका, ही पिंपाची आहे. पिंप भरल्याची खबरच येत नाहीये. आणि त्याने लिहून ठेवलंय, ही पास झाल्याशिवाय आवृत्ती सोडायची नाही."

"वायर गेली असेल."

दिशाने मोरीत जाऊन पाहिलं. वायर धड होती. पिंपाच्या आत, काठाखाली वीतभर, क्षाराची पांढरी रेघ बसली होती. कित्येक दिवसांत पाणी तिच्या वर चढलं नव्हतं.

"काका, तुम्ही नळ आधीच बंद करता ना?"

सहदेवने मान डोलावली. "घंटा वाजली की तोंडातून हाक जाता गो. मग घर कसा खायाक उठता."

"राहू दे मग. मी ती चाचणीच काढून टाकते. कुणाला कळणार नाही."

"त्याका कळला असता," सहदेव म्हणाला.

पाच वाजता पाणी आलं. तो नळ सोडून स्टुलावर बसला. पांढरी रेघ बुडाली. दोनदा त्याचा हात नळाकडे गेला, दोनदा त्याने तो मागे घेतला. मग घंटा वाजली.

"सुशांत, नळ बंद कर रे!"

आतल्या खोलीत लाल ओळ हिरवी झाली होती. पाणी काठावरून लादीवर सांडू लागलं. दिशा धावत मोरीच्या दारात आली.

"थांब तू," म्हणत सहदेव स्वतः उठला आणि त्याने नळ बंद केला.

सुशांत सहदेव परब, वय एकतीस, ९ ऑक्टोबर २०२३ रोजी, सोमवारी सकाळी, डेंग्यूच्या तापाने वारला.