वगळलेला भाग

पाठ्यपुस्तकातून घर्मग्रंथी वगळल्या, त्या वर्षीच्या पंधरा जूनपासून माझ्या बायकोला घाम येईनासा झाला. आम्ही भुसावळला राहतो. इथे पारा शेहेचाळीसला गेला की लोक भांडणसुद्धा संध्याकाळवर ढकलतात. त्यामुळे सुरुवातीला आम्हाला ही सोयच वाटली. वृंदाचा ब्लाउज दोन-दोन दिवस कोरडा राहायचा. शेजारणी विचारायच्या, कोणती पावडर लावता हो?

पुढच्या एप्रिलात तिला ताप चढला आणि उतरेना. तेव्हा कळलं की घाम नुसता कपडे खराब करायला येत नाही. हे मी पंचवीस वर्षं शिकवत होतो. तेव्हापासून उन्हाळ्यात मी तिला दर तासाला झारीने पाणी घालतो. ती गॅलरीत स्टुलावर बसते, शेजारी तुळस. एका झारीत दोघींचं होतं.

नव्या पुस्तकाची मुलं सोडली तर हे एकट्या तिलाच का झालं, ते सांगतो. मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. पुस्तकातला मानवी शरीराचा भाग मी लिहिला आहे आणि त्यातली माणसाची आकृती मी वृंदावरून काढली आहे. लग्नाला चार महिने झाले होते. वह्यांना कव्हर घालायच्या खाकी कागदाचे चार ताव जोडून मी ते हॉलच्या फरशीवर पसरले, ती त्यांवर उताणी झोपली, आणि मी एचबी पेन्सिलने तिच्या कडेकडेने रेषा ओढत गेलो. काखेपाशी तिला गुदगुल्या झाल्या.

"हलू नकोस, रेषा बिघडेल," मी म्हणालो. ती हलली नाही.

मग मी आत अवयव भरले, प्रत्येकापासून पट्टीने उजवीकडे रेषा काढली आणि टोकाला नाव लिहिलं. नावं उजवीकडे, एकाखाली एक. रेषा एकमेकींना छेदता कामा नयेत, अर्धा मार्क जातो. हे मी आजवर काही हजार मुलांना सांगितलं आहे. त्यातल्या दोघांची आता स्वतःची इस्पितळं आहेत, आणि तेही भेटले की आधी रेषांचंच बोलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृंदाच्या अंगावर, जिथे जिथे रेषेचं टोक टेकलं होतं तिथे, पेन्सिलीच्या रंगाचा एकेक बारीक ठिपका उमटलेला होता. साबणाने गेला नाही. त्या वयात आम्हाला ते आवडलं होतं.

तक्ता कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागला आणि त्याची लहान प्रत पुस्तकात छापली गेली. पुस्तक पुढे दोनदा बदललं. आकृती तीच राहिली.

मुलांवरचा ताण कमी करायचा म्हणून समिती नेमली, तेव्हा मला तिच्यावर घेतलं. पहिली सूचना माझीच होती. घर्मग्रंथींवर सात वर्षांत प्रश्न आला नव्हता, आणि समितीत पहिलं कोणी बोलत नाही तोवर जेवण येत नाही. परिपत्रक निघालं. आमचा प्रयोगशाळेतला शिपाई सपकाळे याने तक्त्यावरच्या त्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. घरी वृंदाच्या कपाळावरचा एक ठिपका नाहीसा झाला.

दुसऱ्या वर्षी अश्रुग्रंथी गेल्या. त्या ऑगस्टमध्ये फैजपूरला वृंदाचा भाऊ वारला. श्रीकांत तिच्याहून बारा वर्षांनी लहान. ती त्याच्या उशाशी बसली, पदर डोळ्यांना लावला, कोरडा काढला आणि त्याची घडी घालत राहिली. बायका एकमेकींकडे बघत होत्या. तिची वहिनी म्हणाली, "रडा हो ताई, मोकळं करा." वृंदा म्हणाली, "हो, करते." परतताना बसमध्ये यावल गेल्यावर तिने विचारलं,

"अहो, कितव्या पानावर होतं ते?"

"एकशे अडतीस."

"मोठं होतं का?"

"चार ओळी."

"चारच," ती म्हणाली, आणि खिडकीकडे वळली.

तिसऱ्या वर्षी पचनसंस्था पूर्ण वगळायची असं ठरत होतं. मी बरीच खटपट केली आणि ती 'केवळ वाचनासाठी' या सदरात घालून घेतली. म्हणजे धडा पुस्तकात राहतो, फक्त त्यावर प्रश्न विचारत नाहीत. तेव्हापासून वृंदा जेवण वाचते. सकाळी अर्धं पान कळण्याची भाकरी, रात्री वरणभात. वांग्याचं भरीत पूर्ण वाचलं तर तिला जड होतं. डोळे दुखत असले तर मी शेजारी बसून वाचून दाखवतो. सावकाश वाचावं लागतं. एकदा शेवभाजी घाईत वाचली, तर तिला ठसका लागला.

समितीची बैठक पुण्याला व्हायची. दर वर्षी अभ्यासक्रम जेवढा कमी होई तेवढंच सभागृहही कमी होई. पहिल्या वर्षी त्यात बावीस खुर्च्या आणि एक लांब टेबल होतं. दुसऱ्या वर्षी खिडकी नव्हती. तिसऱ्या वर्षी आम्ही आळीपाळीने बसलो. यंदा दार उघडलं तर आत सगळे उभे होते, आणि मी शिरल्यावर दार लागेना, म्हणून मी पोट आत घेतलं.

अध्यक्ष डॉ. हर्डीकर मॅडम समोरच्या भिंतीशी होत्या. म्हणजे हातभर अंतरावर.

"दीड पान कमी करायचंय," त्या म्हणाल्या. "आता दोनच जागा उरल्यात. हृदयाची रचना, किंवा स्मृती. भारंबे सर, हा विभाग तुमचा."

"मॅडम, त्यात माझी बायको आहे."

"पुस्तकात प्रत्येकाचं कोणी ना कोणी असतं, सर. भूगोलवाल्यांनी मागच्या वर्षी एक नदी वगळली. त्यांच्यातल्या एकाचं गाव होतं तिच्यावर. ते बोलले का काही?"

"मग काय करतात ते?"

"टँकर मागवतात."

कोणी तरी मागून म्हणालं की चार सव्वीसची गाडी आहे. मॅडमनी घड्याळ बघितलं. ते माझ्या मनगटावर होतं. त्यांना स्वतःचा हात वर घ्यायला जागा नव्हती.

"हृदय," मी म्हणालो.

"हृदय वगळायचं की ठेवायचं? इतिवृत्तात नीट यायला हवं."

"ठेवायचं."

"बरोबर आहे. स्मृतीवर तसाही प्रश्न येत नाही."

टेबल आधीच वगळलेलं होतं. मी समोरच्या सरांच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. माझ्या पाठीवर मागच्यांनी केली. त्यांचं नाव मोठं होतं.

घरी आलो तेव्हा वृंदा जेवत होती. पानावरून बोट न उचलता तिने विचारलं, "काय ठेवलंत?"

"हृदय."

तिने ओळ संपवली. "मला विचारलं असतंत तर मी उलट सांगितलं असतं."

"मग तू राहिली नसतीस."

"आणि आता कोण राहणार आहे?" ती म्हणाली. मग तिने पान उलटलं आणि ताकापर्यंत वाचून हात धुतले.

पंधरा जूनला तेरा दिवस होते.

एक फट होती. अभ्यासक्रम बदलला तरी नापास झालेल्यांना जुन्या अभ्यासक्रमाने आणखी दोन संधी मिळतात, आणि तोवर त्यांचं सगळं जुन्याप्रमाणे चालू राहतं. आमच्या वर्गातली रिपीटर मुलं म्हणूनच भर उन्हाळ्यात घामाघूम असतात आणि डबा तोंडाने खातात. वृंदाने लग्नाआधी बारावी सायन्स केलं होतं. मी तिची जुनी गुणपत्रिका घेऊन कॉलेजच्या ऑफिसात गेलो. चौधरी बाईंनी चष्मा लावला.

"मॅडम नापास आहेत का?"

"नाही. जीवशास्त्रात छत्तीस आहेत."

"पस्तीसला पास. मग नाही बसत नियमात."

"काठावरच आहे हो."

"काठ आतल्या बाजूला धरतात, सर. कॉपी करताना वगैरे धरलं होतं का कधी?"

"नाही."

"मग अवघड आहे," चौधरी बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि कोरडा काढला. मी दचकलो. मग त्या म्हणाल्या, सर्दी आहे.

संध्याकाळी मी हे वृंदाला सांगितलं. तिने गुणपत्रिका उजेडात धरली. "उत्सर्जन संस्था मी ऑप्शनला टाकणार होते," ती म्हणाली. "ऐन सकाळी वाचून गेले. तीन मार्कांचं आलं. केवढी खूश झाले होते."

दुसऱ्या दिवसापासून ती अभ्यासाला बसली. स्मृतीचं दीड पान. गॅलरीत स्टुलावर, हातात पुस्तक, डोक्यावरून माझी झारी. पाठ केलेलं राहतं, असं तिचं म्हणणं होतं. पाठ केलेलं कुठे राहतं, हे त्याच दीड पानात दिलेलं होतं. मी शिक्षक आहे, अभ्यास करणाऱ्याला अडवायची मला सवय नाही.

"विचारा," ती म्हणायची.

"स्मृती म्हणजे काय?"

"मिळालेली माहिती साठवून ठेवण्याची आणि गरज पडेल तेव्हा ती परत आणण्याची मेंदूची क्षमता."

"उदाहरण द्या. एक मार्क."

"तुम्ही चार ताव जोडले होते. तिसऱ्या तावाचा जोड माझ्या पाठीला टोचत होता. मी सांगितलं नाही."

"हे पुस्तकात नाही."

"पुस्तकात काय आहे?"

"फुलाचा वास. आईचा आवाज."

"ते कोणीही लिहील," ती म्हणाली. "पुढचा प्रश्न."

रोज व्याख्या तीच असायची आणि उदाहरण नवं. माझ्या पहिल्या पगारात घेतलेल्या प्रेशर कुकरची शिट्टी वाजत नव्हती आणि मी तोंडाने वाजवायचो. श्रीकांत आमच्या लग्नात झोपून गेला आणि त्याला पंक्तीतून उचलून नेलं. आम्हाला मूल होणार होतं तो आषाढ. तो कधीच कुठल्या पुस्तकात नव्हता. पण तिथे ती थांबली आणि म्हणाली, "हे लिहिलं तर किती मिळतील?" मी म्हणालो, पूर्ण.

अकरा दिवसांत अकरा मार्क झाले. पास व्हायला ते कमी होते आणि नापास व्हायचं वय गेलं होतं.

चौदा तारखेला ती म्हणाली, "तो तक्ता घरी आणा."

"कशाला?"

"पुस्तकात मी एकटीच का म्हणून? तुम्हालाही काढते त्यात. पुढच्या खेपेला त्यांना कळायचं नाही कोणाचं वगळतोय ते."

मी प्रयोगशाळेत गेलो. सपकाळेने रजिस्टरमध्ये 'दुरुस्तीसाठी' असं लिहून सही घेतली. तक्ता खाली उतरवताना त्याच्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या सळसळल्या. लांबून बघितलं तर बाईला बँडेज बांधल्यासारखं दिसत होतं.

"सर, उद्या अकराला मला पट्टी लावायचीय," तो म्हणाला. "तक्ता नसला तर मी घरी येतो. सर्क्युलर आहे, मला काय."

पंधरा तारखेला सकाळी दहाला वृंदाने हॉल झाडून घेतला. आम्ही तक्ता फरशीवर पसरला आणि त्याच्या डाव्या कडेला नवा कागद जोडला. जोड तिने दोनदा बोटाने दाबून बघितला. "टोचणार नाही," ती म्हणाली. मी शर्ट काढून उताणा झोपलो. कागद थंड होता. शेजारी चोवीस वर्षांपूर्वीची वृंदा होती, माझ्याहून जरा उंच वाटली. कागद कमी पडत असल्यामुळे माझा डावा हात तिच्या काढलेल्या उजव्या हातावर आला.

"नावं कुठे लिहायची?" वृंदाने पेन्सिलीला टोक करत विचारलं. "उजवीकडे तर मी आहे."

"रेषा तुझ्यातून न्याव्या लागतील."

"छेदतील हो."

"छेदू देत."

"अर्धा मार्क जाईल."

"जाऊ दे."

ती हसली. मग माझ्या डोक्यापाशी गुडघे टेकून बसली आणि रेषा सुरू केली. उजव्या कानावरून, खांद्यावरून, काखेतून. तिथे मला गुदगुल्या झाल्या. "हं," ती म्हणाली, "आता कळलं?" पेन्सिल बरगड्यांवरून कमरेकडे गेली, पायाच्या बाहेरून खाली, टाचेला वळसा घालून आतून वर, आणि दुसऱ्या पायाने परत खाली. रेषा सरळ येत होती; माझ्यापेक्षा तिचा हात चांगला होता. मधे मधे ती पुटपुटत होती. साठवून ठेवण्याची आणि गरज पडेल तेव्हा.

डाव्या अंगाने ती वर आली. कमरेशी पोचली तेव्हा जिन्यात सपकाळेच्या चपला वाजल्या. त्या दारापाशी थांबल्या. डिंकाचा वास आला. त्याने बेल वाजवली नाही. वेळेआधी तो कधी वाजवत नाही.

पेन्सिल मनगटापर्यंत आली, जिथे माझा हात तिच्या काढलेल्या हातावर पडला होता. जुनी रेषा आणि नवी रेषा तिथे एका जागी येत होत्या.

कॉलेजची अकराची घंटा आमच्या घरात ऐकू येते. ती वाजली. कानामागचा तिचा स्मृतीचा ठिपका मला खालून दिसत होता, आणि मग दिसेनासा झाला.

वृंदाने पेन्सिलीकडे बघितलं. मग तिने रेषा बघितली, जिथे ती होती तिथून मागे मागे, माझ्या पायांपर्यंत आणि पुन्हा डोक्यापर्यंत, कोणी नकाशावर रस्ता शोधावा तशी. शेवटी तिने माझ्याकडे बघितलं. तिचं हृदय नीट चाललं होतं. फरशीतून ऐकू येत होतं.

मी मान उचलली.

"आपण हलू नका," ती म्हणाली. "रेषा बिघडेल."

मी मान खाली ठेवली. बाहेर सपकाळेने बेल वाजवली. पेन्सिल दोन हातांच्या मध्ये टेकलेली होती, आणि कोणत्या हाताच्या कडेने पुढे जायचं ते विचारायला वृंदा माझ्या चेहऱ्यावर वाकली.