एकोणीस आणि एक

माझी मुलगी आमचं कॅथलिक चर्च सोडून मॉर्मन पंथात गेली तेव्हा मी चार महिने तिच्याशी बोलले नाही. पाचव्या महिन्यात तिचा फोन आला, "आई, गुडघे कसे आहेत?" आणि मी बोलून बसले. गुडघ्यांनीच घात केला.

आता ती वर्षातून दोनदा येते. मी चहा टाकते, ती कोमट पाणी पिते, कारण त्यांच्यात चहा-कॉफी चालत नाही. मी चौतीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होते. चहा नसता तर निम्मी बाळं माझ्या हातून खाली पडली असती, हे मी तिला दर खेपेला ऐकवते आणि ती दर खेपेला हसते. बाकीच्या गोष्टींवर मात्र हसू येत नाही. आमचा देव एकच, तिघांचा मिळून, त्याला आम्ही त्रैक्य म्हणतो. ती म्हणते, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं निरनिराळे, आणि पित्याला आपल्यासारखंच हाडामांसाचं शरीर आहे. आमचं बायबलवर भागतं. त्यांना शिवाय आणखी एक ग्रंथ आहे, सोन्याच्या पत्र्यांवरून उतरवलेला. आमचं लग्न मरेपर्यंतचं, त्यांचं मेल्यावरही सुटत नाही. येशू तेवढा दोघींचा. पण त्यांचा बाप्तिस्मा आमचे फादर धरत नाहीत आणि आमचा बाप्तिस्मा ते लोक धरत नाहीत. फिटंफाट.

या खेपेला ती एक मोठा कागद घेऊन आली. दुपारची जेवणं झाली होती. तिनं टेबल पुसलं, कागद पसरला आणि चष्मा लावला. चौकटीच चौकटी. आजी-आजोबा, पणजी-पणजोबा, त्यांची मुलं, जन्म, मृत्यू.

"हे कशाला?" मी विचारलं.

"घराण्याचा तक्ता करतेय. पूर्वजांची नावं गोळा करायची असतात आमच्यात."

"गोळा करून काय करता?"

तिनं कागदाचा कोपरा सपाट केला. खोटं बोलायची सवय तिला लहानपणापासून नाही. "जे गेलेत त्यांच्या नावानं आमच्यातलं कुणीतरी मंदिरात बाप्तिस्मा घेतं. त्यांच्या वतीनं."

"तुझ्या आजीचा बाप्तिस्मा झालाय."

"माहितेय."

"मग? धुतलेलं भांडं पुन्हा घासायचं?"

"जबरदस्ती नसते, आई. त्यांनी घ्यायचा की नाही हे त्यांचं ते ठरवतात."

"तुझी आजी नाकारेल. जन्मभर तिनं कुणाकडून फुकट काही घेतलं नाही, आलेली ताटलीसुद्धा भरूनच परत पाठवली."

ती हसली, मीही हसले. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माझी जीभ कधी वेळेवर थांबलेली नाही. मी म्हणाले, "आणि तुझा बाप्तिस्मा? तू सतरा दिवसांची होतीस. तो काय वाया गेला?"

"आई, तान्ह्या बाळाला काय कळतं? आमच्यात आठ वर्षांच्या आत बाप्तिस्मा देतच नाहीत. खरं सांगायचं तर बाळाला तो देणं म्हणजे देवाचा अपमान समजतात."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. ठेवला कसला, आपटला.

वॉर्डात मी एकोणीस बाळांना बाप्तिस्मा दिलाय. मूल जगत नाही असं दिसलं, आई ख्रिस्ती असली आणि तिनं मान हलवली, तर फादरची वाट बघायची नसते. कुणीही देऊ शकतं, नर्ससुद्धा. निर्जंतुक पाणी कोमट करायचं, बाळ दचकू नये म्हणून. नुसतं बोट ओलं करून चालत नाही, पाणी डोक्यावरून वाहायला हवं. देवाची तिन्ही नावं घ्यायची आणि आईनं ठरवलेलं नाव घ्यायचं. मुठीएवढं डोकं एका तळव्यात मावायचं. नंतर त्या बायका माझा हात धरून ठेवायच्या. बाळ गेलं, पण देवाकडे गेलं, एवढं एकच त्यांच्या पदरात पडायचं आणि ते माझ्या हातून पडायचं. माझ्या सगळ्या नोकरीत मला कशाचा अभिमान असेल तर तो याचाच.

"म्हणजे मी एकोणीस वेळा देवाचा अपमान केला," मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. "आई, मी तुझ्याबद्दल नाही बोलले."

"माझ्याबद्दलच बोललीस. त्या बायकांना मी काय दिलं मग? साधं पाणी?"

"तुला कळत नाहीये मी काय म्हणतेय." ती रडवेली झाली होती, पण मागे हटली नाही. हट्ट माझाच आहे तो. "बाळाच्या अंगावर पापच नसतं. कुणाचंच नसतं, आदामापासून आलेलं म्हणता तेही नाही. त्याला काही द्यावंच लागत नाही. आठ वर्षांच्या आत गेलेलं प्रत्येक मूल सरळ देवाकडे जातं. तुझी एकोणीसच्या एकोणीस तिथंच आहेत, आई. तू पाणी घातलं नसतंस तरी असती."

मी उठून खिडकीशी गेले. बाहेर समोरच्या बाई दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"पाणी घातलं नसतं तरी?" मी विचारलं.

"तरी."

"अजिबात काही केलं नसेल तरी? कुणीच?"

"आई, तू कुणाबद्दल विचारतेयस?"

मी परत येऊन बसले. त्रेचाळीस वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते मी तिला सांगितलं. तिचा थोरला भाऊ तीन वर्षांचा होता, तिचा पत्ता नव्हता, तेव्हा मला आणखी एक मुलगा झाला. सातव्या महिन्यात, माझ्याच वॉर्डात. मला रक्तस्राव झाला आणि मला भूल देऊन आत नेलं. बाळ दोन तास दहा मिनिटं जगलं. ड्यूटीवरची नर्स नवी होती आणि आमच्या धर्माची नव्हती, तिला काय ठाऊक असणार? माझ्या मुलीचे बाबा बाळाजवळ होते. मूल जायच्या आत फादरना आणायचं म्हणून ते सायकल घेऊन पळाले. फादर आले तेव्हा वीस मिनिटं उशीर झाला होता.

"नळ पाच पावलांवर होता," मी म्हणाले. "पण तुझ्या बाबांना वाटायचं की हे काम फादरनीच करायचं असतं. तोवर मी अकरा बाळांना दिला होता आणि घरी येऊन एकदाही बोलले नव्हते. वॉर्डातलं मरण घरात आणायचं नाही असा माझाच नियम. मी सांगितलं असतं तर त्यांनी ओंजळ भरून पाणी आणलं असतं."

त्या वेळचे फादर जुन्या वळणाचे. बाप्तिस्मा नाही म्हणून पवित्र जमिनीत जागा नाही, दफनभूमीच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात पुरलं. आताचे फादर म्हणतात, अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवायचं. दया होईल असं सगळेच म्हणतात. नक्की झाली असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. हे सगळं तिचे बाबाही पोटात घेऊनच गेले. आम्ही दोघं त्याबद्दल कधी एक शब्द बोललो नाही.

मुलगी माझा हात धरून बसली होती. त्या बायका धरायच्या तसाच.

एवढं मला कळतं की तिचं खरं असेल तर माझी एकोणीस बाळं माझ्यामुळे पोचली नाहीत. आणि माझं खरं असेल तर माझं एक बाळ माझ्यामुळे पोचायचं राहिलं. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. तरी मला दोन्हीतलं चांगलं तेवढं हवं होतं. मी काही मॉर्मन होणार नाही, रविवारी माझ्याच चर्चमध्ये माझ्याच बाकावर बसणार. पण त्या दुपारी, एकच निवडायचं तर, मला माझा अभिमान नको होता, मला माझं मूल पोचलेलं हवं होतं.

"तुझ्या बाबांच्या आणि आजीच्या नावानं काही करायचं नाही," मी म्हणाले. "त्यांचं झालंय आमच्या पद्धतीनं. शब्द दे."

"दिला."

"आणि त्याच्या नावानं?"

"त्याला लागतच नाही, आई. त्याचं फक्त लिहायचं."

"मग लिही. मुलं तीन."

तिनं दोनाचा आकडा खोडला. तारीख मी सांगितली, वेळ सांगितली, सुरू झालेली आणि संपलेली. नावाच्या चौकटीवर तिचं पेन थांबलं. आमच्यात नाव बाप्तिस्म्याला ठेवतात, त्यामुळे त्याला नाव नव्हतं. कुठल्याच वहीत नाही, दगडावर नाही. पण माझ्या मनात होतं, आणि मनात मी त्याला रोज हाक मारत आले होते. ते मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं. आवाज फुटला, म्हणून पुन्हा एकदा उच्चारलं.

तिनं ऐकलं, पहिलं अक्षर काढलं आणि मान वर केली.

"आई, वेलांटी पहिली की दुसरी?"

मला सांगता येईना. त्रेचाळीस वर्षांत मी ते कधी लिहिलंच नव्हतं. मी तिच्याकडून पेन घेतलं, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्याचं नाव दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहिलं.