चार वाजताचा बार

कुंदनला जाऊन आठ महिने झाले आणि त्याचा बाप दीपक अजून रडला नव्हता. गावाने आधी त्याला धीराचा म्हटलं, मग दगड म्हटलं. गावाला काय, दोन्हीकडून बोलता येतं. पोरगा हायवेवर मोटरसायकलवरून गेला, तेव्हापासून दीपकचं सगळं अंग झोपेत अंगाखाली दबलेल्या हातासारखं झालं होतं. होतं आपलंच, पण आपलं वाटत नव्हतं.

कुंदनची छऱ्याची बंदूक खिळ्याला टांगलेली होती. मक्यावरचे पोपट उडवायला घेतलेली. चार वाजता मळ्यातून निघताना तो बांधावर एक बार काढायचा आणि तो आवाज ऐकून त्याची आई रत्ना चहा ठेवायची. आता दीपकला ती बंदूक डोळ्यांसमोर नको होती. जत्रेत फुगे फोडायचं दुकान लावणारा धरणगावचा ज्ञानेश्वर ती न्यायला तयार होता. पण त्याने मारून पाहिली तर छर्रा दहा पावलांवर पडला. चालू करून दे, म्हणाला. मग सुट्टीच्या दिवशी रत्ना पाण्याला गेलेली बघून दीपकने ती पोत्यात गुंडाळली आणि जळगावला चांदभाईंकडे नेली.

चांदभाईंचा धंदा स्टोव्ह आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. चामड्याच्या वायसरांवर त्यांचा हात बसलेला. त्यांनी बेताने स्प्रिंग सोडवली, पिस्टन ओढून काढला, चिंधीने पुसला आणि उजेडात धरला. टोकाचा वायसर चेचून पापड झाला होता. तो धरणाऱ्या स्क्रूचं डोकंही चेपलं होतं.

"ही रिकामी कोण मारतं, भाऊ?"

कुणी नाही, दीपक म्हणाला, आठ महिने खिळ्यालाच आहे.

चांदभाईंनी मान हलवली. छर्रा घातला की पुढे हवा अडते, पिस्टन तिच्यावर टेकतो. छर्रा नसला की सरळ लोखंडावर आदळतो. आणि हे घाव ताजे होते, गंजाचा ठिपका नव्हता.

"रोज मारतंय कुणीतरी," ते म्हणाले.

दीपक दिवसभर पाइपच्या कारखान्यात असायचा. घरात दुसरं माणूस एकच होतं.

चांदभाईंनी पिस्टनच्या उठलेल्या कडा कानशीने घासल्या, पॉलिश पेपर फिरवला, नवं चामडं कापून तेलात मुरत ठेवलं. दीपक समोर बसून बघत राहिला. त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तेवढ्यात ज्ञानेश्वरला फोन करून त्याने बंदूक द्यायची नाही म्हणून सांगितलं आणि वायसर बसवून बंदूक जोडून झाल्यावर, निघताना छऱ्यांची एक डबी मागून घेतली.

मळ्यापाशी पोचला तेव्हा चार वाजत आले होते. त्याने गाडी थांबवली, छर्रा घातला आणि बांधाच्या मातीत एक बार काढला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

घरी आला तर गॅसवर चहा उकळत होता. रत्ना दारात उभी होती. त्याच्या हातातल्या बंदुकीकडे बघून तिने मान खाली घातली, चोरी पकडल्यासारखी. दीपकने बंदूक खिळ्याला अडकवली आणि डबी चहाच्या डब्याशेजारी ठेवली.

"रिकामी मारू नको," तो म्हणाला. "छर्रा टाकत जाय. पिस्टन तुटस."

कुंदनच्या स्टीलच्या ग्लासात रत्नाने चहा ओतला, पोराला लागायचा तसा गोडमिट्ट, आणि दीपकसमोर धरला. त्याने न फुंकताच घोट घेतला. जीभ सणकून भाजली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेना.